चिकाटी आणि तग

मराठीत एकाच अर्थाचे वाटणारे, पण मुळात वेगळे असलेले शब्द पुष्कळ आहेत. अशा शब्दांत गल्लत झाली की ती केवळ भाषेची गल्लत राहत नाही. तिच्यातून माणसांवर अन्यायही घडू शकतो. चिकाटी आणि तग ही अशीच एक जोडी. आपण चिकाटी धरतो आणि तगही धरतो, म्हणून दोन्ही एकच असे समजून चालतो. परंतु पाऊस ओढ देतो तेव्हा शेतातली ज्वारी तग धरून आहे असे आपण म्हणतो; ज्वारीने चिकाटी धरली असे कोणी म्हणत नाही. का म्हणत नाही? ज्वारीला शेत सोडून जाता येत नाही, म्हणून. तग म्हणजे अंगावर आलेल्या संकटात जीव राखण्याची शक्ती. चिकाटी म्हणजे पत्करलेले काम सोडून देण्याची मोकळीक असतानाही त्याला लागून राहण्याची वृत्ती. तग प्राण्याला असते, झाडाला असते. चिकाटीला मात्र निवड करणारा माणूस लागतो.

हा शब्दच्छल नव्हे. तरुण नोकरदारांविषयी बोलताना आपण हा भेद हटकून विसरतो, म्हणून तो आधी सांगितला. "हल्लीची पोरे कुठे टिकतच नाहीत," हे वाक्य दिवाळीच्या फराळासारखे घरोघर ठरलेले आहे. करंजी पुढे करता करता कोणीतरी काका ते म्हणतात, आणि सुटीवर आलेला मुलगा किंवा मुलगी खाली मान घालून ते ऐकून घेते. टिकणे हे क्रियापद आपण कापडाला लावतो, लोणच्याला लावतो आणि त्याच सहजपणाने बावीस-तेवीस वर्षांच्या माणसालाही लावतो. लोणचे का नासले याचा विचार करताना मात्र आपण बरणी, मीठ आणि ओला हात यांची चौकशी करतो. पोराच्या बाबतीत सगळा दोष फोडीचा!

विद्वानांनीही या विषयात लक्ष घातलेले आहे. अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक फ्रेड लुथान्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली 'मानसिक भांडवल' या कल्पनेवर एक ग्रंथच काढला. नोकरी करणाऱ्या माणसाच्या ठिकाणी आशा, आत्मविश्वास, भल्याची अपेक्षा आणि पडल्यावर पुन्हा उभे राहण्याची ताकद असे चार गुण असतात व ते वाढवता येतात, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी अँजेला डकवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दीर्घ पल्ल्याच्या जिद्दीचे मोजमाप मांडले. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत दाखल झालेल्या नव्या छात्रांपैकी पहिल्या उन्हाळ्याचे खडतर शिक्षण कोण पुरे करील, याचा अंदाज त्यांनी या मोजमापावरून बांधून दाखवला. पुढे २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा या जिद्दीचा यशाशी असलेला संबंध गाजावाजा झाला तेवढा बळकट नाही, आणि तिचा बराचसा भाग आपल्या जुन्या कर्तव्यदक्षतेत मोडतो, असे दिसून आले.

या अभ्यासांत खोटे काही नाही. मला खुपतो तो 'भांडवल' हा शब्द. भांडवल म्हटले की ते कोणाचे, ते गुंतवले कोणी आणि त्यावरचे व्याज कोणाच्या पदरात पडले, हे तीन प्रश्न आपल्याकडचा किराणा दुकानदारही विचारील. पोराचा धीर हे भांडवल असेल, तर त्याचा हिशेब कोठेतरी मांडला पाहिजे.

हा हिशेब मला सुचला तो तोरणमाळला. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच असे हे ठिकाण. शहाद्याहून निघाले की काळापाणी मागे टाकून गाडी सात पायऱ्यांचा घाट चढू लागते. महाराष्ट्राला ते थंड हवेचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचे मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा एवढे प्रवाशाला पुरते. परंतु प्रवासी चार दिवसांनी उतरून जातो. तेथे जे नोकरीला असतात त्यांना पावसाळा काढावा लागतो. माथ्यापासून सिंदीदिगर, झापी, फलाई अशा गावांकडे आणि त्यांच्या विखुरलेल्या पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे चढ, उतार आणि नाले यांचीच मालिका. वाहन जेथे थांबते तेथून पुढे आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणावे लागते. सरकारी नोकरांत या भागातली बदली पिढ्यान्पिढ्या शिक्षा म्हणूनच बोलली गेली आहे, आणि वाटेवरच्या काळापाणी गावाच्या नावावरून विनोदही पुष्कळ झाले आहेत.

गेल्या वर्षी शाळेला सुटी लागल्यावर मी तेथे चार दिवस राहिलो होतो. तलावाच्या बांधावर संध्याकाळी एका तरुण आरोग्यसेविकेशी बोलणे झाले. वय तेवीस-चोवीस, मूळ गाव खाली तापीकाठचे, नोकरी कंत्राटी. डोंगरातल्या एका उपकेंद्रावर तिचा दुसरा पावसाळा नुकताच सरला होता. मी मास्तर आहे हे कळल्यावर ती मोकळेपणाने बोलू लागली. पहिल्या पावसाळ्यात तिने राजीनामा लिहून ट्रंकेत ठेवला होता. भीती वाटे ती जंगलाची नव्हे, तर नाल्याची. आणि त्याहूनही, ऐन वेळी आपल्या हातून काही चुकेल याची.

"मग राहिलीस कशी, ताई?" मी विचारले.

"मोठ्या बाई होत्या ना, सर," ती म्हणाली. मोठ्या बाई म्हणजे तिच्याआधी वीस वर्षे त्या भागात काढलेली वयस्क आरोग्यसेविका. पहिले दोन महिने ती बाई हिच्याबरोबर पाड्यापाड्यांवर चालली. कोणता नाला दुपारी भरतो आणि संध्याकाळी ओसरतो, कोणत्या घरात आजीशी आधी बोलावे लागते, पावरी बोलीत 'कळा कधी सुरू झाल्या' हे कसे विचारायचे, हे सगळे तिने दाखवले. पुढे श्रावणात एका रात्री एका बाळंतिणीला वेळेवर झोळीतून वर आणून गाडीत घातले, आणि दोन्ही जीव सुखरूप राहिले. दुसऱ्या खेपेला भीती निम्मी झाली. तिसऱ्या खेपेला भीती वाटायची राहूनच गेली. "मग एक दिवस तो कागद मी चुलीत घातला," ती हसून म्हणाली. थोडे थांबून तिने पुढे जे विचारले ते मात्र हसण्यासारखे नव्हते: "पण सर, ऑर्डर अकरा महिन्यांचीच असते. मी टिकले. आता नोकरी टिकेल का, ते तुम्ही सांगा."

या मुलीच्या साध्या बोलण्यात मानसशास्त्राची दोन प्रकरणे आहेत. आल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली असे मांडले की, 'हे मला जमेल' हा विश्वास उपदेशाने फारसा येत नाही. तो सर्वांत जास्त येतो स्वतः करून जमल्याने, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहिल्याने. तिच्या बाबतीत मोठ्या बाईंना पाहणे आधी घडले आणि श्रावणातली ती रात्र मागून आली. सी. आर. स्नायडर या अभ्यासकाने आशेचे दोन भाग केले: इच्छा आणि वाट. नुसती इच्छा असून वाट दिसत नसेल तर ती आशा नव्हे, ती तळमळ. मोठ्या बाईंनी त्या मुलीला धैर्यावर व्याख्यान दिले नाही. नाल्याची वाट दाखवली. धीर पोटातून येतो असे आपण म्हणतो. येतो खरा, पण तो पोटात कोणी घातला, हेही विचारायला हवे.

याच जिल्ह्याने सगळ्या देशाला दाखवलेले एक उदाहरण आहे. अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठी चिमलखेडी येथे रेलू वसावे या अंगणवाडी सेविका आहेत. २०२० साली करोनाच्या भीतीने अलीगाट आणि दादर या वस्त्यांतील बायका मुलांना घेऊन अंगणवाडीत येईनाशा झाल्या. रेलूताई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या, दोन लहान मुलांची आई. लहानपणापासून नदी पोहलेल्या या बाईंनी एका मासेमाराची होडी मागून घेतली आणि एप्रिलपासून स्वतः वल्ही मारीत त्या वस्त्या गाठू लागल्या. रोजचा प्रवास सुमारे अठरा किलोमीटरांचा. सोबत वजनकाटा आणि पोषण आहार. पंचवीस तान्ही व कुपोषित बालके आणि सात गर्भवती यांच्यासाठी हे महिनोन् महिने चालले होते. हात भरून येत, पण मुलांचे खाणे चुकू द्यायचे नाही, एवढेच त्यांचे सांगणे असे. त्या वर्षाच्या अखेरीस वर्तमानपत्रांनी ही हकीकत छापली, राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीही दखल घेतली, आणि आपण सर्वांनी ती वाचून डोळे पुसले.

रेलूताईंचे करणे ही चिकाटीच होती, यात मला शंका नाही. न जाण्याची मोकळीक त्यांना होती. वरून तसा हुकूम नव्हता. त्यांनी निवड केली आणि ती निभावली. परंतु डोळे पुसून झाल्यावर आपण दुसरा प्रश्न विचारला का? होडी मागून का आणावी लागली? सरदार सरोवराच्या फुगवट्याने काठावरच्या वस्त्यांचे जाणेयेणे पाण्यावर आले, ही काही २०२० सालची बातमी नव्हती. १३८ मीटरांहून उंच झालेले ते धरण २०१७ साली लोकार्पण होऊन २०१९ साली प्रथम काठोकाठ भरले. काठावर पाणी येणार हे सर्वांना ठाऊक होते; सेविकेला होडी लागेल हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. आणखी असे की, अंगणवाडी सेविकेला जे मिळते त्याला कागदोपत्री वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील सेविकांना उपदानाचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले. मानधनात मान आहे आणि धनही आहे, पण दोन्ही बेताचेच!

येथे मला या विषयातला खरा नैतिक पेच दिसतो. एखाद्याच्या चिकाटीचे आपण कौतुक करतो तेव्हा, नकळत, जी उणीव त्या चिकाटीने भरून काढली ती उणीव आपण विसरून जातो. कौतुकाची शाल अंगावर पडली की फाटका सदरा दिसत नाही. आणि कौतुक न करावे तर तेही कृतघ्नपणाचे. मग करावे काय?

आपल्या परंपरेत याचे उत्तर शोधले तर गीतेच्या अठराव्या अध्यायापाशी थांबावे लागते. तेथे धृती, म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती, एकच सांगितलेली नाही. तिचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत. फळाच्या आसक्तीने धरून ठेवणे ते राजस. आणि भय, शोक व विषाद यांना मूढपणाने न सोडणे, हीसुद्धा धृतीच, पण तामस. लहानपणी पाठ करताना या श्लोकांचे मला काही वाटले नव्हते. आज वाटते की, चिवटपणाला सरसकट सद्गुण म्हणू नका, असे बजावून सांगणारा हा अध्याय प्रत्येक कचेरीत वाचला जावा. भीतीने चिकटून राहिलेला नोकर आणि कामाच्या प्रेमाने राहिलेला नोकर हजेरीपत्रकावर सारखेच दिसतात. मस्टर धृतीची जात सांगत नाही.

भीतीने चिकटून राहणे काय असते, हे शहाद्याच्या परिसराला कोणी नव्याने सांगायला नको. तोरणमाळच्या पायथ्याच्या त्या सपाट, काळ्या जमिनीत एके काळी सालदारीचा अंमल होता. तरुण भिल्ल गडी वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राही. आधी घेतलेली उचल फिटत नसे, आणि एका सालाचे दुसरे साल होई. तो गडी काम सोडत नव्हता. त्याला चिकाटीचा पुतळा म्हणायचे काय? नाही, तो ज्वारीसारखा तग धरून होता. चिकाटी त्याने दाखवली ती पुढे. अंबरसिंग महाराज सुरतवंती यांच्यासारख्या त्यांच्यातल्याच माणसाने त्यांना जागे केले, १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, आणि दुष्काळाच्या त्या दिवसांत मजूर एकजुटीने 'असे काम करणार नाही' म्हणू लागले. नकार देऊन त्या नकारावर ठाम राहायला राबण्याहून अधिक धीर लागतो. ज्यांना आपण टिकाऊ म्हणून वाखाणत होतो त्यांची खरी ताकद ते उठून उभे राहिले तेव्हा दिसली.

माझा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या एका तालुक्यातील निवासी शाळेत शिक्षक होता. मुलांच्या खोलीचे छप्पर गळे. त्याने अर्ज केला, उत्तर नाही. पुन्हा केला. दोन वर्षांत पाच अर्ज झाले. मुलांची बोली तो शिकला, रात्री त्यांच्याबरोबर गळतीखाली परातीही मांडत बसला. पाचव्या अर्जानंतर त्याने नोकरी सोडली. गावात बोलले गेले, "पोरगा टिकला नाही." मी म्हणतो, पाच अर्जांना उत्तर न देणारे टिकून राहिले, एवढाच त्याचा अर्थ. त्याची चिकाटी उणी नव्हती. ती ज्या भिंतीवर आपटत होती ती भिंत बहिरी होती.

यावर कोणी विचारील, म्हणजे सगळे परिस्थितीचेच, माणसाच्या मनाचे काहीच नाही काय? असे म्हणणेही सत्याला सोडून होईल. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी दोन मुले मी वर्षानुवर्षे पाहतो. गणित चुकले की एक पाटी पुसून पुन्हा मांडते, दुसरे पाटीच दप्तरात घालते. मनाचा वाटा आहेच. नाझी छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या व्हिक्टर फ्रांकल यांनी १९४६ साली लिहिलेल्या पुस्तकात हाच विचार आहे: जगण्याला अर्थ सापडला तर माणूस भयंकर यातनांतूनही आपले माणूसपण राखू शकतो. परंतु त्याच फ्रांकलनी हेही स्पष्ट केले आहे की, टाळता येण्याजोगे दुःख सोसत राहण्यात काही शौर्य नाही. त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण. पहिला अर्धा भाग भाषणांत सांगितला जातो, दुसरा सोयीने गाळला जातो.

मग चिकाटीचा सर्वांत चांगला उपयोग कोणता? नंदुरबारनेच याचेही उत्तर दिले आहे. २०२० साली येथील जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातील सामोडे गावचे, भिल्ल समाजातले, जन्माआधीच वडील गेलेले, आईच्या कष्टांवर डॉक्टर आणि पुढे सनदी अधिकारी झालेले. त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगून पुष्कळ जण तरुणांना म्हणतात, "बघा, मनात आणले तर काय होत नाही!" मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. करोनाची पहिली लाट ओसरत असताना, इतरांना हायसे वाटत असताना, त्यांनी प्राणवायूचे प्रकल्प उभे करायला घेतले. २०२१ च्या वसंतात दुसरी लाट आली आणि देशभर प्राणवायूसाठी धावाधाव झाली, तेव्हा हा मागासलेला म्हणून गणलेला जिल्हा आपल्या पायावर उभा होता. त्या यंत्रांमुळे किती तरुण परिचारिकांचा आणि डॉक्टरांचा धीर खर्ची पडायचा वाचला असेल! स्वतः सोसलेल्या माणसाने, "मी सोसले, तुम्हीही सोसा," असे न म्हणता पुढच्याला सोसावे लागू नये अशी तजवीज करावी, हे मला चिकाटीचे परिपक्व रूप वाटते. मोठ्या बाईंनी नाल्याची वाट दाखवली ती याच जातीची गोष्ट. फरक फक्त अधिकाराच्या आकाराचा.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. तरुणाकडून चिकाटीची अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु तो अधिकार मिळवावा लागतो. काम देताना त्यातली अडचण आधी खरेपणाने सांगावी. पहिल्या पावसाळ्यात सोबतीला जाणते माणूस द्यावे. तक्रारीला उत्तर द्यावे, मग ते नकाराचे का असेना. आणि जाणाऱ्याला बदनाम न करता जाऊ द्यावे. कारण दार उघडे असेल तरच आत राहणाऱ्याच्या राहण्याला किंमत येते. शासनालाही हे अगदीच उमगलेले नाही असे नव्हे. आदिवासी भागात काम करणाऱ्यांना एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्याचा निर्णय २००२ सालीच झाला होता. पण तो विचार कायम नोकरीतल्या माणसांचा होता. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर नाले ओलांडणाऱ्या मुलीपर्यंत तो अजून जायचा आहे.

तरुणांनाही एक सांगावेसे वाटते. थकवा आणि पराभव यांत फरक आहे. थकला असाल तर विसावा घ्या, सोबत मागा. त्यात कमीपणा नाही. वाट दिसत असेल तर एक पावसाळा अधिक काढून पाहा, कारण दुसऱ्या खेपेला भीती निम्मी होते हे त्या आरोग्यसेविकेने अनुभवाने सांगितले आहे. परंतु आपण राहतो आहोत ते कामाच्या ओढीने की केवळ धास्तीने, हे अधूनमधून स्वतःला विचारत जा. उत्तर धास्ती असे आले, तर तुम्ही चिकाटी धरलेली नाही. तुम्ही तग धरून आहात, आणि तग धरणाऱ्याला उपदेशाची नव्हे, पावसाची गरज असते.

लक्ष्मीपूजन झाले, भाऊबीज झाली की सातपुड्यातून उसाच्या तोडणीसाठी गुजरातच्या वाटेला लागणाऱ्या गाड्या भरतात, आणि सुटीवर आलेले शिक्षक, सेविका, वनरक्षक आपापल्या पिशव्या भरून घाट चढू लागतात. अशी निघालेली मुले या सणात आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. चिवडा-लाडवांचा डबा हातात देताना त्यांना "नीट टिकून राहा" असे सांगण्याचा मोह होईल. तो या खेपेला आवरावा. त्याऐवजी, "तिथे तुला सोबत कोणाची आहे?" एवढे विचारावे, आणि जे उत्तर येईल ते सावकाश बसून ऐकून घ्यावे.